एका माणसापुरती वीज

कागद ए-थ्री आकाराचा, पेन्सिलीने आखलेला. डावीकडे चार सौर पॅनल, मधे चार्ज कंट्रोलर, त्याच्याखाली बॅटरी, उजवीकडे इन्व्हर्टर आणि तिथून मशिनांकडे गेलेले फाटे. या धंद्यातली माणसं याला सिंगल लाइन डायग्राम म्हणतात. प्रत्यक्षात तारांचं जे जंजाळ असतं ते एका रेघेवर आणून दाखवायचं. कर्जतहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाताना कोंडिवडे लागतं. त्या बाजूला, भातखाचरांच्या कडेला माझ्या एका स्नेह्यांची लाकूडकामाची शेड आहे. नोकरी संपल्यावर हातात पटाशी धरलेल्यांपैकी ते एक. विजेचा खांब जागेपासून इतका लांब, की लाइन ओढण्याचा खर्च शेडच्या खर्चाला भारी पडला असता. तेव्हा त्यांनी आपली वीज आपणच मांडली. ती मांडणी म्हणजे हा कागद. सौरयंत्रणेचे आराखडे मी बरेच पाहिले आहेत. बहुतेक विकणाऱ्याने केलेले असतात आणि त्यांत छपरावर मावतील तेवढी पॅनल असतात. हा कागद मात्र पुन्हा पुन्हा उघडून बघावासा वाटतो.

वाचायला उजवीकडून घ्यावा, कारण काढणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात केली आहे. आधी मशिनांची यादी. लाकूड कातायचा लेथ १ एचपी, टेबल सॉ २ एचपी, बँड सॉ १, भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर १, ड्रिल अर्धा. नवखा माणूस काय करतो, तर या सगळ्यांची बेरीज करतो. साडेपाच एचपी म्हणजे चार किलोवॉट, दिवसाचे सहा तास धरले तर चोवीस युनिटं. मग तो आठ किलोवॉटची पॅनल आणायला बाजारात जातो आणि किंमत ऐकून छंद बदलतो. या कागदावर तासांचा रकानाच नाही. तिथे मिनिटं आहेत. टेबल सॉ पंधरा मिनिटं. अर्धा तास मापं घ्यायची, गुण्या लावायचा, पेन्सिलीची खूण करायची आणि अर्ध्या मिनिटात फळी कापून मोकळं व्हायचं, अशी लाकूडकामाची खरी चाल असते. ती ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा रकाना सुचेल.

मिनिटांनी गुणल्यावर यादीतले दांडगे लोक एकदम गरीब होतात. सर्वांत मोठी मोटार असलेला टेबल सॉ दिवसाला अर्ध्या युनिटापर्यंतही जात नाही. त्याच्या दुप्पट खातो डस्ट कलेक्टर, कारण कुठलंही मशीन चालू असलं की तो चालूच. तिथे काटकसर केलेली नाही, हे मला फार आवडलं. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे. शिसवीच्या धुळीने तर पहिल्याच दिवशी नाक बंद होतं. वीज वाचवायला जागा पुष्कळ आहेत, फुप्फुस ही त्यांतली नव्हे.

आणि या सगळ्यांहून मोठा खादाड यादीत शेवटी आहे. त्याला पातं नाही, आवाज नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ५० वॉट खातो. चोवीस तासांचे होतात १.२ युनिट, लेथ आणि टेबल सॉ यांच्या एकत्रित खर्चाहून जास्त. दुकानी आराखड्यांत ही ओळ सहसा नसतेच. इथे ती आहे, आणि तिच्यामुळे अख्ख्या चित्राचा आकार बदलला आहे. बॅटरीवरून एक बारीक फाटा इन्व्हर्टरला वळसा घालून खाली उतरतो, एका छोट्या कन्व्हर्टरमधून जातो आणि एलईडी दिव्यांना नि बीएलडीसी पंख्यांना थेट डीसी वीज देतो. म्हणजे शेडमध्ये बसून चहा प्यायला, खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर मारायला किंवा नुसतं लाकडाकडे बघत बसायला इन्व्हर्टर जागा करावा लागत नाही. मशीन लावायचं असेल तेव्हाच त्याचा स्विच टाकायचा. एका बारक्या रेघेने दिवसाचं जवळपास एक युनिट वाचलं आणि एकूण खर्च साडेतीन युनिटांच्या आत आला.

आता मोटारींचं सुरू होणं. सिंगल फेज इंडक्शन मोटार चालू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. २ एचपीचा सॉ त्या क्षणी दहा किलोव्होल्ट-अँपिअरच्या घरात जातो, नि ५ केव्हीएचा इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बसतो. यावरचा सरळ इलाज म्हणजे दुप्पट मोठा इन्व्हर्टर. तो पुन्हा दुप्पट वीज नुसता बसून खाणार. स्नेह्यांनी मोटारच बदलली. सॉ आणि लेथ दोन्हींना थ्री फेज मोटारी बसवल्या आणि मधे व्हीएफडी घातला. हा सिंगल फेज घेतो, थ्री फेज देतो आणि मोटारीला शून्यापासून हळूहळू वेगात आणतो. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटारी ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या येतात. टर्मिनल बॉक्स उघडून पितळी पट्ट्या डेल्टात फिरवल्या की तीच मोटार २४० व्होल्टवर चालते. कागदाच्या कोपऱ्यात त्या पट्ट्यांचं इवलंसं चित्र काढलेलं आहे. सुरू होतानाचा झटका गेला, लेथला हवा तो वेग मिळाला आणि इन्व्हर्टर लहान राहिला.

या बाजूचा शेवटचा नग म्हणजे एक साधा फिरवायचा सिलेक्टर स्विच. लेथ, सॉ, बँड सॉ यांपैकी एका वेळी एकच. डस्ट कलेक्टर कुणाहीबरोबर. कारखान्यात याला कोणी हसेल. पण ही कारखान्याची शेड नाही. इथे माणूस एकच आणि त्याला हात दोन. तो एका वेळी एकाच पात्यासमोर उभा राहणार. सगळ्या मोटारी एकदम चालतील ही भीती आराखड्यातून काढून टाकली की तीन किलोवॉट क्षमता पुरते. यंत्रणेचा आकार मशिनांच्या बेरजेवरून न ठरवता माणसावरून ठरवला, ही या कागदातली मला सर्वांत उंची वाटलेली जागा.

मधला भाग भरभर वाचला तरी चालेल. बॅटरी ४८ व्होल्टच्या वर्गातली घेतली आहे ते योग्यच. तीन किलोवॉट भार १२ व्होल्टवर घेतला तर २५० अँपिअर वाहतात, ४८ वर त्याच्या चौथाई, आणि तारेतली गळती करंटच्या वर्गाच्या हिशोबाने उतरते. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल हातभरच ठेवली आहे. दोन्ही भुशापासून दूर, भिंतीपलीकडच्या कोनाड्यात. जाळी इतकी बारीक की पाल आत शिरू नये. ज्यांनी पालीने जाळलेला सर्किट बोर्ड पाहिला आहे त्यांना ही जाळी विनोदी वाटणार नाही. डीसी बाजूला डीसीचेच एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारे स्विच, आहेत. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून तिची ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी ताणली जाते आणि घरगुती एमसीबी आतून वितळतो.

पॅनलकडे मात्र थांबायला हवं. चार पॅनल, प्रत्येकी ५४५ वॉट. जोडणी दोन-दोनच्या दोन ओळींची. तीन एका ओळीत का नाहीत? कंट्रोलरची मर्यादा १५० व्होल्ट आणि पॅनलचं खुलं, म्हणजे भार न जोडतानाचं, व्होल्टेज साधारण ४९.६. तिनाचे होतात १४८.८; कागदावर बसतं. पण ते व्होल्टेज सेलचं तापमान २५ अंश असतानाचं. पॅनल गार झालं की व्होल्टेज चढतं, अंशामागे सुमारे ०.२७ टक्के. पौषातल्या पहाटे कर्जतला पारा १२ अंशांवर उतरतो, तेव्हा तेच तीन पॅनल १५४ व्होल्ट देतील. सगळे जण उन्हाला भितात आणि कंट्रोलर थंडीत जळतो. दोनची ओळ ९९ व्होल्टवर निवांत राहते. शिवाय समांतर ओळी दोनच असल्यामुळे ओळीगणिक फ्यूजची गरज नाही, कारण एका ओळीत बिघाड झाला तरी दुसरी तिला जेवढा करंट देऊ शकेल तेवढा पॅनल सहन करतं. स्नेह्यांनी ते फ्यूज खरंच घातलेले नाहीत. अनावश्यक सुरक्षेचा सोस टाळायलाही धीर लागतो.

पॅनल शेडवर नाहीत. शेडवर आंब्याची सावली आहे. झाड तोडा असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला होता. त्यांनी पॅनल तीस मीटर लांब, खाचराच्या बांधावर उघड्यावर नेली आणि तितकी केबल टाकली. जाऊन-येऊन साठ मीटर तार, ६ चौरस मिलिमीटरची, ओळीगणिक वेगळी. भर उन्हात १३ अँपिअर वाहताना तिच्यात जवळपास तीन टक्के व्होल्टेज जिरतं. पुस्तकी नियमाला हे थोडं जास्तच. पण हे तीन टक्के जातात कधी? एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा वीज उतू जात असते. पावसाळ्यात करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो तेव्हा गळतीही एक टक्क्यावर येते. जिथे मुबलक आहे तिथेच सांडतं, जिथे टंचाई आहे तिथे सांडत नाही. आंबा वाचला, शेड गार राहिली, त्याची किंमत उन्हाळ्याने भरली.

इथून पुढे लक्षात येतं की सगळा कागद जुलैसाठी काढलेला आहे. विकणारे वर्षाची सरासरी सांगतात: या भागात चौरस मीटरवर रोज पाच-साडेपाच युनिटं ऊन. सरासरीवर कोणी जगत नाही. एप्रिलमध्ये हा आकडा साडेसहाच्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीनपर्यंत घसरतो. आणि तीही महिन्याची सरासरी. सह्याद्रीच्या पायथ्याशी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि झडीच्या दिवसांत दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. चार पॅनल म्हणजे २.१८ किलोवॉट. तापमान, धूळ, तारा, इन्व्हर्टर यांची वजावट करून सत्तर टक्के हाती येतात असं धरलं, तर एप्रिलमध्ये रोज दहा युनिटं आणि जुलैत पाच. साडेतीनच्या खर्चाला पाच पुरतात, मधल्या दोन-तीन काळवंडलेल्या दिवसांना बॅटरीतली चार वापरती युनिटं हात देतात. म्हणजे एप्रिलमधली दोन-तृतीयांश वीज ठरवून वाया घालवलेली आहे. ग्रिडला जोडलेल्या माणसाला ही उधळपट्टी वाटेल. ग्रिडबाहेरच्या माणसाला दुसरा मार्ग नाही.

पॅनलचा कल बघा. अक्षांशाइतका कल द्यावा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कर्जतचा अक्षांश १८.९, म्हणजे एकोणीस अंश. इथे दहाच अंश आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो; त्या दोहोंच्या मधे सूर्य माध्यान्हीला चक्क उत्तरेला असतो. दक्षिणेकडे जास्त कललेलं पॅनल तेव्हा त्याला पाठ दाखवतं. शिवाय ढगाळ दिवशी उजेड एका दिशेने येत नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो, आणि तो गोळा करायला जवळजवळ आडवं पॅनल चांगलं. डिसेंबरात सूर्य माध्यान्हीलाही ४८ अंशांच्या वर चढत नाही, तेव्हा या दहा अंशांचा थोडा तोटा होतो. पण डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, तोटा परवडतो. मग पूर्ण आडवंच का नाही? कारण पाणी साचून कडेला चिखल आणि शेवाळ धरतं. आणि कर्जत-खालापुरात पॅनलला फक्त धूळ लागत नाही. फेब्रुवारीपासून वीटभट्ट्यांचा धूर असतो, मग राब भाजण्याचे दिवस येतात नि काळी राख हवेवर तरंगत येते. दहा अंशांवर बादलीभर पाणी ओतलं की ती निघून जाते. पूर्वेला राजमाचीकडचा डोंगर सूर्याला उशीर करतो, अंशामागे चार मिनिटांहून थोडा जास्त. त्याबद्दल कागदावर काही नाही, आणि नसलं तरी चालतं. पहाटेच्या तिरप्या उन्हात फारसं काही नसतं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर, म्हणजे ५.१२ युनिटं. याचंही कारण जुलैच. घराघरांत दिसणारी टॉल ट्युब्युलर बॅटरी स्वस्त आणि दणकट असते, पण तिला रोज पोटभर चार्ज लागतो. आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली की शिशाच्या पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि ती म्हातारी होते. पावसाळ्यात नेमकी तीच स्थिती. लिथियमला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. तिला त्रास उलटा होतो: मेच्या उकाड्यात काठोकाठ भरून बसून राहणं. म्हणून उन्हाळ्यापुरती चार्जिंगची मर्यादा सेलमागे ३.४५ व्होल्टवर आणायची नोंद शेजारी आहे. परदेशी पुस्तकं बॅटरी गोठू नये यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याला तो धडा गाळता येतो.

उतू जाणाऱ्या एप्रिलचं काय करायचं, यावर एकच उत्तर दिलं आहे. बॅटरी भरली की रिले पडतो आणि विहिरीवरचा अर्धा एचपीचा पंप टाकीत पाणी चढवतो. मला वाटलं होतं, ही साठवलेली वीजच झाली. हिशोब केला तर गंमत निघाली. सहा मीटर उंचीवरच्या हजार लिटर पाण्यात फक्त १६ वॉट-अवर ऊर्जा असते. एक ट्यूब तासभरही जळणार नाही. पाणी मिळालं हाच फायदा, वीज साठवली म्हणू नये. पाण्यात वीज साठवायची तर उंची हवी, आणि ती समोर उभी आहे.

खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पावसाचं पाणी अडवायचं, घाटाच्या कड्यावरून नळांतून पाचशे मीटर खाली सोडायचं आणि निघालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. तिथून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं, म्हणून ती भर उन्हाळ्यात वाहते आणि राजनाला कालव्यावर दुसरं भात होतं. माझा हिशोब असा: पाच हजार लिटरचा एक टँकर घाटमाथ्यावरून खोपोलीच्या टर्बाइनवर उतरला, तर गळती जाऊन साधारण साडेपाच युनिटं मिळतील. म्हणजे स्नेह्यांची ती सगळी बॅटरी एका टँकरभर पाण्याएवढी. ज्या ढगांनी शेडमधला टेबल सॉ गप्प केला, तेच ढग चार कोस पलीकडे पुढच्या उन्हाळ्याची वीज भरून ठेवत असतात. तलावाला चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवता येतो. बॅटरीला दोन दिवसांचं ऊनसुद्धा जेमतेम. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला, म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचं. दुपारच्या सौर विजेला बॅटरी हवीच आहे; ती याच डोंगरावर होणार.

स्नेह्यांकडे डोंगर नाही. म्हणून जुलैचा उरलेला प्रश्न त्यांनी विजेने सोडवलेलाच नाही. खर्चाच्या यादीखाली पावसाळ्याची वेगळी यादी आहे आणि तीत टेबल सॉ, बँड सॉ नाहीत. रंधा, पटाशी, हातकरवत आणि आठवड्यातून एखादं लेथचं काम. ही माघार नाही. सुतारकामाचं पंचांगही असंच सांगतं. आषाढ-श्रावणात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं. तेव्हा बसवलेला घट्ट सांधा मार्चमध्ये ढिला होतो. लॅकर पॉलिशवर दमटपणाने पांढरट साय येते. मोठं काम, रंगकाम, जोडकाम पुढे ढकलायचंच असतं. ते दिवस हत्यारांना धार लावायचे, कोरीव कामाचे, नमुने करायचे. जेव्हा वीज नाही तेव्हा तिची गरजही नाही, हा योगायोग ओळखून तो हिशोबात धरणं मला पॅनलच्या कलाहूनही हुशारीचं वाटलं. त्याने किमान चार पॅनल आणि एक बॅटरी वाचली असेल.

ज्यांच्या दारात खांब आहे त्यांनी यातलं काही करू नये. त्यांनी ग्रिडला जोडलेली सौरयंत्रणा घ्यावी, नेट मीटर लावावा. एप्रिलचं उतू जाणारं दुसऱ्याच्या घरी जातं. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदानही त्यांनाच आहे, ग्रिडबाहेरच्यांना नाही. एक ध्यानात ठेवावं की लाइन गेली की अशी यंत्रणा सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडते; डोक्यावर ऊन असूनही अंधार.

कागदात दोन उणिवा आहेत. अर्थिंगचा खड्डा शेडच्या मागे, मुरमाड उंचवट्यावर घेतला आहे. मीठ-कोळसा घालूनही मुरूम मेअखेर खडखडीत सुकतो आणि सुकी जमीन वीज गिळत नाही. नेमक्या त्याच दिवसांत वळीव येतो, विजा पडतात. म्हणजे अर्थिंग सर्वांत वाईट असताना त्याची सर्वांत जास्त गरज. खड्डा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर घ्यावा, बारा महिने ओला राहील. दुसरं, सर्ज प्रोटेक्टर पॅनलच्या बाजूला आहे पण विहिरीकडे गेलेल्या लांब तारेच्या टोकाला नाही, आणि अशी लांब तार शेजारी वीज पडली की झटका आत घेऊन येते. खड्डा त्यांनी मान्य केला. प्रोटेक्टरवर अजून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, आभाळ भरून आलं की पंपाची पिनच काढून ठेवीन.